क्लच कोणी बदलावा? : मोटारदुरुस्तीतील मजुरी, हत्यारे आणि जोखीम

मोटारीच्या मोठ्या दुरुस्तीचा अंदाज हाती पडला की मालकाची नजर आधी मजुरीच्या आकड्यावर जाते, आणि सुटे भाग बाजारात मिळतात, दुरुस्ती करून दाखवणाऱ्या चित्रफिती फोनवर फुकट पाहता येतात, तर मग हे काम घरच्या घरी का करू नये, हा प्रश्न ओघानेच येतो. प्रश्न रास्त असला तरी मजुरी किती वाचेल एवढ्यावरून त्याचे उत्तर देता येत नाही. कारण गॅरेजच्या बिलात मजुरी म्हणून लिहिलेल्या एका ओळीत निदान, हत्यारे, सराव आणि काम बिघडल्यास ते निस्तरण्याची जबाबदारी अशा चार निरनिराळ्या गोष्टींची किंमत एकवटलेली असते. यांतील कोणती गोष्ट मालकाला स्वतः पुरवता येईल आणि कोणती त्याने विकत घेणेच शहाणपणाचे ठरेल, हे एखादे नेमके काम समोर ठेवून तपासले तर लवकर उलगडते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या मोटारीचा क्लच बदलणे हे असे काम आहे, कारण त्यात बदलायचे भाग मोजकेच असतात, परंतु त्या भागांपर्यंत पोहोचण्यासाठी गाडीचा पुढचा निम्मा भाग सोडवावा लागतो.

क्लचचे काम जवळून

इंजिन चालू असताना चाकांकडे जाणारी शक्ती हवी तेव्हा तोडणे आणि हवी तेव्हा पुन्हा जोडणे, हे क्लचचे कार्य होय. इंजिनाच्या क्रँकला बसवलेले जड चक्र म्हणजे फ्लायव्हील. त्याला टेकून दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर लावलेली क्लच प्लेट असते, आणि तिला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरणारी, चपट्या स्प्रिंगने सज्ज असलेली तबकडी म्हणजे प्रेशर प्लेट. चालकाने पेडल दाबले की रिलीज बेअरिंग नावाचे बेअरिंग त्या स्प्रिंगला आत ढकलते, दाब सुटतो आणि गिअरबॉक्स इंजिनापासून मोकळा होतो. बोरघाटासारख्या चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरली किंवा शहरातल्या वाहतूककोंडीत पेडलवर पाय टेकवून ठेवण्याची सवय लागली, म्हणजे हे अस्तर घसरून तापते आणि वेगाने झिजते. म्हणूनच एकाच कंपनीच्या एकाच वर्षीच्या दोन गाड्यांचे क्लच निरनिराळे आयुष्य भोगतात.

अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत इंजिन लांबीच्या दिशेने आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे असे, त्यामुळे मधला लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, सोडवून गिअरबॉक्स खालून काढता येई. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० पासून आडवे इंजिन आणि पुढच्या चाकांना शक्ती ही रचना देशात रुळली, आणि छोट्या मोटारीचा क्लच इंजिन व गिअरबॉक्स यांच्या फटीत, दोन्ही चाकांच्या दांड्यांच्या मधोमध जाऊन बसला. तिथे पोहोचण्यासाठी बॅटरी, एअर फिल्टरची पेटी, गिअर व क्लचच्या केबल आणि स्टार्टर मोटार काढावी लागते, गिअर ऑइल उपसावे लागते, पुढची चाके उतरवून चाकाला खालून धरणारा लोअर आर्म मोकळा करावा लागतो आणि दोन्ही अ‍ॅक्सल बाहेर ओढावे लागतात. त्यानंतर इंजिनाला खालून किंवा वरून आधार देऊन गिअरबॉक्सचे बोल्ट सोडले, की काही डझन किलो वजनाची ती पेटी जराही तिरकी होऊ न देता सरळ रेषेत बाजूला सरकवून खाली घ्यावी लागते.

हे सर्व उघडण्याचे काम कष्टाचे असले तरी अवघड म्हणता येणार नाही. खरी कसोटी जोडणीत लागते. क्लच प्लेटची एक बाजू फ्लायव्हीलकडे आणि दुसरी गिअरबॉक्सकडे ठरलेली असते, आणि ती उलटी बसली तर सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. प्लेट फ्लायव्हीलच्या अगदी मध्यावर यावी म्हणून तिच्या छिद्रातून एक नकली शाफ्ट घालून ठेवतात आणि मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करत आवळतात. हे केंद्र चुकले तर गिअरबॉक्सचा शाफ्ट प्लेटमध्ये शिरत नाही, आणि अशा वेळी नवख्या माणसाकडून हमखास होणारी चूक म्हणजे बोल्ट आवळून पेटी जबरदस्तीने जवळ ओढणे, ज्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या घराला तडा जाण्याची शक्यता असते. पेटी अर्धवट सरकलेल्या अवस्थेत तिचे वजन प्लेटवर लोंबकळू दिले तर प्लेट वाकते, आणि गाडी सुरू झाली तरी पहिल्या गिअरमध्ये निघताना धडधडू लागते. सरावलेला मिस्त्री आणि त्याच्या हाताखालचा मुलगा साधारण अर्ध्या दिवसात उरकतात ते काम पहिल्यांदा करणाऱ्याचे दोन दिवस सहज खाते, आणि या काळात गाडी हलवता येत नाही, ही बाब गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वाहनतळात गाडी उभी करणाऱ्याला विसरून चालत नाही.

मजुरीच्या ओळीत काय असते

एखाद्या छोट्या हॅचबॅक मोटारीच्या क्लच संचाला, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांना, ५,००० रुपये पडतात आणि स्वतंत्र गॅरेजमध्ये मजुरी २,५०० रुपये सांगितली जाते, असे हिशेबापुरते धरून चालू. स्वतः काम करणाऱ्याला सामानाचे पैसे द्यावेच लागतात, तेव्हा जास्तीत जास्त बचत २,५०० रुपयांची होऊ शकते. त्या बदल्यात त्याच्याजवळ चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक जॅक, गाडी टेकवण्यासाठी किमान दोन भक्कम घोड्या, गोटी पान्यांचा संच, नकली शाफ्ट आणि टॉर्क रेंच असावा लागतो. टॉर्क रेंच म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला जात आहे हे मोजणारा पाना. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे १० किलो वजन टांगले असता जेवढा पीळ पडतो, तो अंदाजे १०० न्यूटन-मीटर होय, आणि छोट्या मोटारीच्या चाकांचे नट साधारण याच पट्ट्यात आवळायचे असतात. ही हत्यारे बऱ्यापैकी दर्जाची घेतली तर पहिल्याच कामात त्यांची किंमत वाचलेल्या मजुरीच्या कितीतरी वर जाते, आणि क्लच हा काही दर वर्षी बदलायचा भाग नसल्यामुळे ती किंमत वसूल होण्याची संधी वारंवार येत नाही.

अर्थशास्त्रात संधी-खर्च अशी एक संकल्पना आहे. एखाद्या कामात घातलेल्या वेळात दुसरे जे काही कमावता किंवा उपभोगता आले असते त्याचे मोल, असा तिचा अर्थ. पगारी माणसाचे शनिवार-रविवार या मोजणीत धरले तर घरगुती दुरुस्तीचा हिशेब आणखी तोट्यात जातो. मात्र ज्याला यंत्रांत हात घालण्यातच आनंद वाटतो, त्याच्यासाठी तेच दोन दिवस खर्चाच्या बाजूला न पडता मिळकतीच्या बाजूला पडतात. म्हणून छंद म्हणून केलेली दुरुस्ती आणि बचत म्हणून केलेली दुरुस्ती यांचे निकष वेगळे ठेवणे आवश्यक असते.

हाच हिशेब अमेरिकेत बरोबर उलटा होतो. तेथे अनेक शहरांत गॅरेजचा दर तासाला १०० डॉलरच्या वर असतो, आणि कोणत्या कामाला किती तास आकारायचे हे छापील दरपुस्तकावरून ठरते, त्यामुळे क्लचसारख्या कामात सामानापेक्षा मजुरीच जड जाते. शिवाय अनेक घरांना स्वतःचे गॅरेज असते आणि सुट्या भागांची मोठी दुकाने अनामत रक्कम घेऊन विशेष हत्यारे उसनी देतात. स्वतः दुरुस्ती करण्याची संस्कृती तिथे या परिस्थितीतून वाढली, आणि तिथल्या चित्रफितींमधील बचतीचे आकडे पुण्याच्या किंवा नागपूरच्या गॅरेजला लावले की फसगत होते. महाराष्ट्रात मिस्त्रीचा हात स्वस्त आणि सामान महाग, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर सरसकट १८ टक्के झाल्यामुळे, पूर्वी २८ टक्के कर असलेल्या भागांचा भार काहीसा हलका झाला, तरी हे मूळ प्रमाण पालटलेले नाही.

खरा पैसा निदानात

मजुरी कमी असूनही दुरुस्तीत मालक नाडला जातो, तो बहुतेक वेळा नको असलेल्या कामामुळे. मायकल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली लिहिलेल्या निबंधात अशा सेवांचा एक स्वतंत्र वर्ग मांडला, ज्यांची गरज होती की नव्हती हे ग्राहकाला सेवा घेतल्यानंतरही नीट कळत नाही आणि ज्यांत विक्रेत्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. दुरुस्तीची कामे याच वर्गात मोडतात. नाडी पाहणारा वैद्य आणि औषध विकणारा दुकानदार एकच असावा, तशी ही स्थिती असते. क्लच बदलून गाडी ठीक झाली, एवढे मालकाला दिसते. परंतु केवळ केबल ताणून किंवा बदलून ती ठीक झाली असती का, हे त्याला कधीच दिसत नाही.

इथे मालकाचे थोडेसे ज्ञान कोणत्याही पान्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. क्लच घसरतो म्हणजे चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला असता इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही आणि जळका वास येतो. हे अस्तर संपल्याचे किंवा त्यावर तेल उतरल्याचे लक्षण असते. सपाट, मोकळ्या जागेवर हँडब्रेक पक्का ओढून, तिसरा गिअर टाकून, किंचित अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच सावकाश सोडला असता इंजिन लगेच बंद पडले पाहिजे. ते बंद न पडता फिरतच राहिले तर क्लच घसरत आहे असे समजावे, आणि ही चाचणी अस्तर जाळणारी असल्यामुळे पुन्हा पुन्हा करू नये. याउलट गिअर पडताना अडखळत असतील किंवा खरखर होत असेल, तर क्लच पुरता सुटत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि त्याचे कारण सैल झालेली केबल किंवा हायड्रॉलिक क्लचमधील गळती यांसारखे किरकोळही असते. पेडल दाबल्यावरच घरघर ऐकू येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर जातो. या तीन तक्रारी गॅरेजमध्ये वेगवेगळ्या शब्दांत सांगता आल्या तरी चुकीच्या निदानाची शक्यता बरीच कमी होते.

इंजिन तापण्याच्या तक्रारीतही हेच दिसते. सिलिंडर हेड आणि इंजिनाचा ठोकळा यांच्यामध्ये हवाबंद जोड राखणारी पातळ चकती म्हणजे हेड गॅस्केट. ती उडाली असता हेड उतरवणे, ते सपाट आहे का हे पट्टीने तपासणे, गरज पडल्यास लेथवाल्याकडून त्याचा पृष्ठभाग घासून घेणे आणि बोल्ट ठरावीक क्रमाने व टप्प्यांनी आवळणे, अशी मोठी दुरुस्ती उभी राहते. मात्र थर्मोस्टॅट अडकणे, म्हणजे शीतक द्रवाची वाट उघडणारी झडप बंदच राहणे, किंवा रेडिएटरचा पंखा न फिरणे या स्वस्त बिघाडांनीही इंजिन तापतेच. ऑइल कॅपच्या आतल्या बाजूला दुधाळ चिकटा, मागच्या नळीतून सतत निघणारा पांढरा धूर आणि बाहेर कुठेही गळती नसताना कमी होत जाणारा शीतक द्रव ही लक्षणे एकत्र दिसली, तरच गॅस्केटच्या दिशेने बोट दाखवणे योग्य ठरते.

चूक झाली तर

काम स्वतः करावे की करवून घ्यावे, हे ठरवताना त्या कामाच्या अवघडपणापेक्षा त्यातील चुकीची किंमत पाहणे अधिक उपयुक्त असते. इंजिन ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, वायपर किंवा बॅटरी बदलताना झालेली चूक बहुधा लगेच कळते आणि थोडक्यात सुधारता येते, म्हणून ही कामे शिकायला चांगली. टायमिंग बेल्टचे तसे नाही. क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांची गती जुळवणारा हा पट्टा असंख्य इंजिनांत अशा रीतीने बसवलेला असतो की तो चुकीच्या खुणेवर लागला किंवा तुटला तर पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, आणि मामुली किमतीचा पट्टा इंजिनाच्या मोठ्या दुरुस्तीच्या खर्चात उतरवतो. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट-३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषल्यानंतर तो १४० अंशांपर्यंत उतरला तरी प्रमाणात बसतो, त्यामुळे जुनी उघडी बाटली वापरली किंवा नळीत हवा राहिली तर त्याचा प्रत्यय घाट उतरताना येऊ शकतो. एअरबॅगची जोडणी, वातानुकूलन यंत्रातील दाबाखालचा वायू आणि विजेच्या मोटारींतील, कित्येकदा ३०० व्होल्टच्या पुढे जाणारी, नारिंगी आवरणाची केबल यांना प्रशिक्षण नसलेल्याने हात लावू नये.

क्लचच्या कामात याहून साधा आणि याहून घातक धोका गाडीखाली झोपण्याचा असतो. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. सील गळाले किंवा जमीन खचली तर तो बसतो, म्हणून कठीण सपाट जमीन, मागच्या चाकांना ओट आणि चौकटीच्या मजबूत जागी टेकवलेल्या घोड्या असल्याशिवाय खाली जाणे प्राणावर बेतू शकते. काढलेले जुने गिअर ऑइल २०१६च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येते, ते गटारात ओतता येत नाही. आणि क्लचभोवतीच्या घंटाकृती घरात साचलेली अस्तराची काळी धूळ फुंकून उडवू नये, कारण जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते.

चुकीची जबाबदारी कोणाकडे, हाही प्रश्न पैशाइतकाच मोलाचा असतो. पावती घेऊन करवलेल्या कामात त्रुटी राहिली तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. स्वतः केलेल्या कामात अशी दाद कोणाकडेच नसते. हमीच्या मुदतीतील गाडीचा विचार वेगळा करावा लागतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण अस्सल सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजना खुलेपणाने मिळत नव्हती. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये, असाही निर्देश त्या आदेशात होता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२च्या डिसेंबरात सुरू केलेल्या दुरुस्तीच्या हक्काच्या संकेतस्थळात मोटार क्षेत्राचा समावेश आहे. तरीही बाहेरच्या सदोष कामामुळे झालेल्या नुकसानीवर कंपनी हमी नाकारू शकते, आणि घरी केलेल्या कामाचा कोणताही कागद नसल्यामुळे तो वाद जिंकणे मालकाला कठीण जाते.

मधला मार्ग

या सर्व बाबी एकत्र ठेवल्या तर एक व्यवहार्य विभागणी पुढे येते : निदानात आणि देखरेखीत मालकाने स्वतः उतरावे, आणि पेटी उतरवण्याचे काम सरावाच्या हातांकडे सोपवावे. २०१३ नंतरच्या भारतीय मोटारींत प्रदूषण नियमांमुळे दुसऱ्या पिढीची स्वयंनिदान व्यवस्था बसवलेली असते, आणि डॅशबोर्डखालच्या खाचेत लावायचे छोटे वाचक यंत्र बिघाडाचा संकेतांक फोनवर दाखवते. हा संकेतांक कोणत्या भागाच्या मापनात विसंगती आढळली एवढेच सांगतो, तोच भाग निकामी झाला असे सांगत नाही, हे ध्यानात ठेवले तर गॅरेजमधील पहिला संवाद बराच सरळ होतो. क्लचचे काम ठरल्यावर क्रँकचे मागचे ऑइल सील गळते आहे का, फ्लायव्हीलवर जळल्याचे निळसर डाग किंवा चरे आहेत का, हे पेटी खाली असतानाच पाहून घ्यावे, कारण काही शे रुपयांच्या सीलसाठी पुन्हा पूर्ण मजुरी मोजण्याची पाळी अशा दुर्लक्षातून येते. आणि तेल लागलेली नवी प्लेट लवकरच घसरू लागते.

सामान मालकाने आणावे की गॅरेजने, याबाबत दोन्ही बाजूंना वजन आहे. पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारातून स्वतः खरेदी केल्यास नफ्याचा मधला टप्पा वाचतो आणि डब्यावरील भाग-क्रमांक ताडून पाहता येतो, परंतु पुढे काही बिघडले तर मिस्त्री सामानाकडे आणि दुकानदार बसवण्याकडे बोट दाखवतो. गॅरेजकडून सामान घेतल्यास दोन्हींची जबाबदारी एका पावतीवर येते, आणि त्यासाठी मोजलेला थोडा अधिक पैसा वाया जात नाही. काम सुरू होण्यापूर्वी लेखी अंदाज, अंदाजाबाहेरचे काही निघाल्यास आधी फोन, आणि काम संपल्यावर काढलेले जुने भाग परत, या तीन मागण्या चांगल्या मिस्त्रीला खटकत नाहीत. जुन्या प्लेटचे अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलेले दिसले, तर काम गरजेचे होते याचा तो स्वच्छ पुरावा असतो. अस्तर जाड आणि कोरडे असेल तर पुढच्या वेळी दुसरे गॅरेज शोधायला हरकत नसते.

ज्याच्याकडे जागा, हत्यारे आणि दुसरी गाडी आहे, ज्याची मोटार हमीबाहेरची आहे आणि ज्याने ब्रेक पॅड, सस्पेंशन अशा पायऱ्या आधी ओलांडल्या आहेत, त्याने जाणत्या माणसाला सोबत घेऊन क्लच स्वतः बदलून पाहण्यात गैर काही नाही, फक्त तो खर्च शिक्षणाच्या खात्यावर मांडावा. इतर सर्वांसाठी मजुरीच्या आकड्यावर केलेली घासाघीस शे-दोनशे रुपये वाचवते. हे काम आत्ता का करायचे, याचे कारण मिस्त्रीकडून समजून घेण्यात गेलेली दहा मिनिटे कित्येकदा अख्खे बिलच वाचवतात.